वार खोडून

पतपेढीने दिलेली डायरी, तीन वर्षांपूर्वीची,
पानं कोरी. तारखा चालतात, वार जुळत नाहीत.
मी रोज वार खोडते आणि खाली लिहिते,
रात्री भांडी पालथी घातल्यावर,
ओट्याशीच उभी राहून,
कारण बसले की झोप येते.

दिवसभर वॉर्ड ऑफिसात लोकांची नावं लिहिते.
जन्म एका खिडकीवर, मृत्यू दुसऱ्या.
मी दुसऱ्या.
रकाना सातवा: अर्जदाराचे मयताशी नाते.
लोक तिथे थबकतात.
परवा एक जण म्हणाला,
'बाई, सावत्र लिहू, की नुसतं भाऊ?'
म्हटलं, 'कागदावर असेल ते लिहा.'
त्या रात्री तेवढंच लिहिलं.

काल पहिल्यांदा मागे जाऊन वाचलं.
विशेष काही नाही. आईची शुगर.
काळाचौकीच्या खोलीचे कागद, बिल्डरचा माणूस येऊन गेला.
बोंबील महाग.
पण जानेवारीत सगळीकडे 'दादा' आहे:
दादा आला, दादाने गोळ्या आणल्या, दादा चिडला.
मार्चमध्ये सह्या झाल्या.
एप्रिलपासून 'हेमकांत'.
जूनमध्ये नुसता 'तो'.
गणपतीच्या आसपास 'ती माणसं'.
ठरवून नाही केलं मी हे.
भांडण तोंडाने झालं एकदाच,
जिन्यात, पाचेक मिनिटं, शेजारच्यांनी दार लोटून घेतलं.
उरलेलं सर्वनामांनी केलं.

आई मात्र सगळीकडे आई,
आणि तिच्यापुढे वाक्य एकच:
आई काही बोलली नाही.
मोजलं. एकेचाळीस वेळा.
मी तिला काही विचारलं होतं
असं एकदाही लिहिलेलं नाही.

आणि मी? मी तर वाक्यात येतच नाही.
'फोन करायचा राहून गेला.'
'आवाज चढला.'
'काचेचा पेला फुटला.'
पेला काय आपोआप फुटतो?

एकवीस ऑक्टोबर. खोडलेला वार मंगळवार.
केईएमच्या लांबलचक पॅसेजमध्ये, आईला आत नेल्यावर:
'दादा तिच्या चपला हातात धरून उभा होता.
पिशवीत ठेव म्हटलं तर नको म्हणाला.'
दादा. लिहून गेले होते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तो'.

मग वहिनीला शोधलं.
दहा महिने, पानन्‌पान.
जिच्यामुळे सगळं झालं असं मी
मावशीपासून कोळणीपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले,
ती डायरीत नाहीच.
'तिकडून निरोप आला.'
'घरातून शिकवलेलं असणार.'
तिकडून. घरातून.
बाई नाही, नुसती दिशा.

आज तिचं नाव लिहायला घेतलं
आणि जोडाक्षराशी अडले.
प्रज्वला, की प्रज्ज्वला?
अठरा वर्षं झाली लग्नाला.
पत्रिका मीच वाटल्या होत्या, घोडपदेवपासून शिवडीपर्यंत, पायी.
आणि मीच रोज काचेमागून बजावते लोकांना,
अक्षर न् अक्षर तपासा,
मागाहून दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र लागतं, हेलपाटे पडतात.
दोन्ही लिहून पाहिली. एकही खोडलं नाही.
कुठलं खरं ते तिलाच विचारावं लागेल.

पुढे लिहायला काही नव्हतं.
माहेर गुहागरकडचं, इतकं ठाऊक आहे.
चहात साखर घेते की नाही, नाही.

आई आतून म्हणाली,
'लाइट घालव गं, बारा वाजून गेले.
आणि हेमूला सांग, त्या चपला लागतात मला,
त्याच्याकडेच राहिल्यात.'

ते लिहिलं.
आई बोलली, असं आधी.
मग ती काय बोलली ते.